नफा कोणाच्या पैशावर उभा आहे?

कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष प्रथम नफा-तोटा पत्रकाकडे जाते, जे थोडे अधिक चिकित्सक असतात ते ताळेबंद उघडतात, आणि वर्षभरात पैसा कुठून आला व कुठे गेला हे दाखवणारे रोखप्रवाह पत्रक मात्र बहुधा चाळून सोडून दिले जाते. ते वाचायला रूक्ष असते हे खरे. 'येण्यांतील वाढ', 'देण्यांतील घट' अशा ओळींची रांग, कंसातले आकडे वजा समजायचे, आणि शेवटी बँकशिल्लक जुळली की पत्रक संपले. तरीही माझे मत असे आहे की धंदा किती नफ्यात आहे हे इतर पत्रके सांगत असली, तरी तो कोणाच्या पैशावर चालला आहे हे याच पत्रकातून नीट कळते. आणि धंदा तगणार की नाही, हे पुष्कळदा या दुसऱ्या गोष्टीवरच ठरते.

नफ्याच्या आकड्यात अंदाजांचा भाग किती मोठा असतो, हे आपण सहसा विसरतो. यंत्र दहा वर्षे चालेल की पंधरा, यावर घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी धरायचा पण रोकड न लागणारा खर्च, ठरतो. येण्यांपैकी किती बुडीत धरायची, हे व्यवस्थापन ठरवते. विकल्या न गेलेल्या मालाची किंमत किती लावायची, यालाही काही मोकळीक असते. यात लबाडी असतेच असे नाही. वर्षाचा हिशेब वर्षाला लागू पडावा यासाठी विक्री झाली तेव्हाच उत्पन्न धरायचे, मग पैसे केव्हाही येवोत, हा नियम योग्यच आहे. परंतु पगार, वीजबिल आणि बँकेचा हप्ता ही देणी अंदाजाने भागत नाहीत. त्यामुळे नफा आणि हाती आलेली रोकड यांत अंतर का पडले, आणि ते अंतर कोणी भरून काढले, हे पाहावे लागते.

हे अंतर जिथे सर्वांत ठळक दिसते, असा धंदा महाराष्ट्राच्या घरचाच आहे. साखर कारखाना साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऊस गाळतो, म्हणजे वर्षभराचा कच्चा माल चार-पाच महिन्यांत विकत घेतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्यावर पोहोचल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला एफआरपीचे (केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान रास्त दराचे) पैसे दिले पाहिजेत, आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. (ते व्याज प्रत्यक्षात किती शेतकऱ्यांच्या पदरात पडते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) साखर मात्र वर्षभर थोडीथोडी विकली जाते, कारण बाजाराची मागणी तशी आहे आणि २०१८ पासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याला दरमहा विक्रीचा कोटा ठरवून देते. खर्च पंधरवड्यात आणि उत्पन्न बारा महिन्यांत, अशी ही मुळातली रचना आहे.

आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून एक काल्पनिक कारखाना घेऊ. त्याने हंगामात ५ लाख टन ऊस गाळला, उतारा ११ टक्के पडला आणि ५५,००० टन साखर तयार झाली. तोडणी-वाहतुकीसह उसाचा खर्च टनामागे ३,४०० रुपये, म्हणजे १७० कोटी. प्रक्रिया आणि इतर खर्च ३० कोटी. मळी, बगॅस वगैरे उपपदार्थांचे १३ कोटी रोख मिळाले. तेव्हा साखरेचा निव्वळ उत्पादनखर्च १८७ कोटी, अर्थात किलोला ३४ रुपये झाला. ३१ मार्चपर्यंत २०,००० टन साखर ३६ रुपये किलोने विकली गेली आणि ३५,००० टन गोदामात राहिली. घसारा, व्याज आणि गेल्या वर्षीचा साठा तूर्त बाजूला ठेवू.

नफा-तोटा पत्रकात विकलेल्या साखरेवर किलोमागे दोन रुपयांप्रमाणे ४ कोटींचा नफा दिसेल, आणि तो हिशेबाने बरोबर आहे. रोकड मोजली तर साखरेचे ७२ कोटी आणि उपपदार्थांचे १३ कोटी मिळून ८५ कोटी आले, आणि सर्व देणी वेळेवर भागवली असतील तर २०० कोटी गेले. तूट ११५ कोटींची. रोखप्रवाह पत्रक हाच प्रवास उलट्या दिशेने दाखवते: नफा ४ कोटी, त्यातून साठ्यातील वाढ ११९ कोटी वजा, म्हणजे कामकाजातून उणे ११५ कोटी. नफ्यात असलेल्या कारखान्याला ११५ कोटी कुठून तरी उभे करावे लागणार आहेत.

त्यांपैकी बरेचसे माल तारण कर्जातून येतात. गोदामातील साखर बँकेकडे तारण ठेवून तिच्या मूल्यांकनाच्या काही टक्के उचल मिळते. पूर्ण किमतीइतके कर्ज बँक देत नाही, आणि साखरेचा भाव पडला की मूल्यांकनही खाली येते. आपल्या कारखान्याला १०० कोटी मिळाले असे समजू. उरलेले १५ कोटी कोण देणार? बहुतेक वेळा ऊस उत्पादक देतो, आणि तेही त्याला न विचारता: टनामागे ३०० रुपये थकतात. वर्तमानपत्रांत दर हंगामात 'थकीत एफआरपी' म्हणून जो आकडा येतो, त्यामागचे यंत्र बरेचसे असे आहे. व्यवस्थापनाचे दोष असतात, राजकारण असते, पण ते सगळे वजा केले तरी हा वेळेचा सांधा उरतोच.

आता गंमत पाहा. ऊसबिलाचे १५ कोटी थकले की पत्रकात 'व्यापारी देण्यांतील वाढ' म्हणून १५ कोटी अधिक होतात आणि कामकाजातील तूट ११५ वरून १०० कोटींवर येते. केवळ शेवटचा आकडा पाहणाऱ्याला स्थिती सुधारलेली दिसेल. प्रत्यक्षात शेतकऱ्याने कारखान्याला कर्ज दिले आहे, फक्त त्या कर्जाला कर्ज म्हटलेले नाही. म्हणूनच कामकाजातील रोकड वाढली की मी प्रथम देण्यांची ओळ पाहतो. विक्री चांगली होऊन आलेला पैसा आणि बिले थकवून वाचवलेला पैसा हे दोन्ही एकाच रकान्यात, एकाच चिन्हाने येतात.

व्याजाचीही अशीच एक अडचण आहे. पत्रकाचे कामकाज, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा (कर्ज-भांडवलाची देवघेव) असे तीन विभाग असतात. भारतीय लेखा मानकांनुसार बँका आणि वित्तसंस्था वगळता इतर कंपन्यांनी दिलेले व्याज वित्तपुरवठ्याच्या विभागात दाखवले जाते, कामकाजाच्या विभागात ते येत नाही. वरील १०० कोटींची उचल साखर विकत जाईल तशी दहा महिन्यांत फिटली आणि दर १० टक्के धरला, तर सुमारे ४ कोटी व्याज होते. संपूर्ण ५५,००० टनांवरचा नफा ११ कोटी आहे, आणि त्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग गोदामात माल पडून राहण्याच्या किमतीत जातो. कामकाजाच्या रकान्यात याचा मागमूस नसतो. कर्जबाजारी धंद्याचे पत्रक वाचताना कामकाजातील रोकडीतून व्याज स्वतःच्या हाताने वजा करून घेण्याची सवय त्यामुळे उपयोगी पडते.

हे पत्रक आज सर्वत्र दिसत असले तरी ते फार जुने नाही, आणि त्याच्या जन्मामागे काही पडझडी आहेत. त्यांतील अभ्यासकांची आवडती कथा अमेरिकेतील डब्ल्यू. टी. ग्रँट या किरकोळ विक्रीच्या दुकानसाखळीची आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी ही कंपनी नफा दाखवत होती, लाभांश वाटत होती, आणि १९७३ साली तिच्या शेअरला प्रतिशेअर नफ्याच्या सुमारे वीस पट भाव मिळत होता. ऑक्टोबर १९७५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. नंतर दोन अभ्यासकांनी जुनी पत्रके घेऊन रोकडीचा हिशेब मांडला, तेव्हा दिसले की कोसळण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून कामकाजातून रोकड जवळजवळ येतच नव्हती. दुकाने वाढत होती, साठा वाढत होता, ग्राहकांना उधारीवर माल देण्याचा सपाटा चालू होता, आणि हे सर्व कर्जावर चालले होते.

त्या काळात कंपन्या निधीच्या स्रोतांचे एक पत्रक देत असत, पण त्यात 'निधी' म्हणजे बहुधा खेळते भांडवल असे मानले जाई. म्हणजे न विकलेला माल आणि न वसूल झालेली उधारीही निधीतच मोजली जाई. ज्या गोष्टींत पैसा अडकला होता, त्यांनाच पैसा म्हटले जात होते. ही उणीव दूर करून अमेरिकेच्या लेखा मानक मंडळाने नोव्हेंबर १९८७ मध्ये आजच्या स्वरूपातील रोखप्रवाह पत्रक अनिवार्य केले, १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक त्याच धर्तीवर सुधारले गेले, आणि आपल्याकडे चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने मार्च १९९७ मध्ये लेखा मानक ३ सुधारून कामकाज, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा हे तीन विभाग आणले.

मानक आले म्हणून प्रश्न सुटला असे नाही, आणि त्याचे अलीकडचे उदाहरण मला साखर कारखान्याच्या फार जवळचे वाटते. ब्रिटनमधील कॅरिलियन ही बांधकाम आणि सेवा कंत्राटांची मोठी कंपनी १५ जानेवारी २०१८ रोजी कोसळली. तेव्हा तिच्यावर जवळपास ७ अब्ज पौंडांची देणी होती आणि हाती अवघे २ कोटी ९० लाख पौंड. पुरवठादारांना ती १२० दिवसांच्या मुदतीने पैसे देत असे. ज्यांना ते लवकर हवे असतील त्यांना बँक थोडी कपात करून आधी पैसे देई, आणि कॅरिलियन ते बँकेला नंतर फेडत असे. म्हणजे कॅरिलियन वास्तविक बँकेची ऋणको झाली होती. पण ताळेबंदात ही रक्कम कर्जांत न दाखवता इतर देण्यांत दाखवली जात होती आणि त्यामुळे तिची वाढ कामकाजातील रोकडीला हातभार लावत होती. सुमारे ५० कोटी पौंडांपर्यंतची रक्कम अशा रीतीने चुकीच्या शीर्षकाखाली होती, असे दोन पतमानांकन संस्थांनी पुढे सांगितले. कंपनी मात्र लाभांश वाढवत राहिली होती. पुरवठादारांमार्फत होणाऱ्या अशा वित्तपुरवठ्याची स्वतंत्र माहिती देण्याची तरतूद आंतरराष्ट्रीय मानकात मे २०२३ मध्ये आली. टिपांमध्ये ही माहिती शोधणे मला आता पत्रकाइतकेच महत्त्वाचे वाटते.

आपल्या देशात लघुउद्योगांची बिले मोठ्या कंपन्यांकडे अडकतात, तेव्हा याच नाट्याची दुसरी बाजू दिसते. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दिला. या मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी प्राप्तिकरासाठी खर्च म्हणून धरता येणार नाही, ही तरतूद मात्र एप्रिल २०२४ मध्ये सुरू झालेल्या कर आकारणी वर्षापासून लागू झाली. कायद्याने सतरा-अठरा वर्षे जे फारसे साधले नव्हते, ते कराच्या भीतीने काही अंशी साधेल अशी सरकारची अपेक्षा दिसते. मोठ्या कंपनीच्या पत्रकातील देण्यांची वाढ म्हणजे चाकण किंवा इचलकरंजीतल्या एखाद्या छोट्या कारखानदाराच्या वहीतली अडकलेली येणी असू शकतात, हे लक्षात ठेवले तर त्या ओळीचा रूक्षपणा थोडा कमी होतो.

रकान्यांची अदलाबदल हा या पत्रकातील दुसरा मोठा धोका. २००२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने कबूल केले की इतरांची दूरध्वनी जाळी वापरण्याचे सुमारे ३८० कोटी डॉलर्सचे शुल्क, जे रोजचा खर्च होते, ते भांडवली खर्च म्हणून नोंदवले गेले होते. याने नफा फुगला हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याबरोबर तोच खर्च कामकाजाच्या विभागातून उचलून गुंतवणुकीच्या विभागात गेला आणि कामकाजातील रोकडही चांगली दिसू लागली. एकूण रोकडीत मात्र एका डॉलरचाही फरक पडू शकला नाही. कामकाजातील रोकडीतून भांडवली खर्च वजा करून उरलेला आकडा पाहणाऱ्याला ही चाल फसवू शकत नाही, आणि म्हणून मी तो आकडा नेहमी काढतो.

अगदी नियमानुसारही असे स्थलांतर होते. भारतात एप्रिल २०१९ पासून भाडेपट्ट्यांचे नवे मानक लागू झाले आणि दुकाने किंवा विमाने भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांचे बरेचसे भाडे वित्तपुरवठ्याच्या विभागात गेले. त्या वर्षी अशा कंपन्यांच्या कामकाजातील रोकडीने उडी मारली. घरमालकाला जाणारा पैसा तेवढाच होता. त्या वर्षाच्या आगेमागे तुलना करणाऱ्याने हे लक्षात घेतले नाही, तर व्यवस्थापनाच्या कर्तबगारीवर एक खोटा निष्कर्ष निघेल.

वजा आकडा दिसला की धंदा वाईट, असाही सोपा नियम नाही. डी-मार्टचेच पाहा. २००२ साली पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या या साखळीने भाड्याच्या जागांऐवजी शक्यतो स्वतःच्या जागा घेण्याचे धोरण ठेवले. अशा धंद्यात जागा आणि इमारतींवर इतका खर्च होतो की दुकाने वेगाने वाढण्याच्या काळात कामकाजातून आलेली रोकड गुंतवणुकीतच संपते, प्रसंगी कमी पडते आणि बाहेरून भांडवल घ्यावे लागते. मार्च २०१७ च्या खुल्या भागविक्रीतून कंपनीने १,८७० कोटी रुपये उभारले. पण ग्राहक रोखीने घेतो, माल पटकन खपतो, आणि पुरवठादारांना पैसे लवकर देऊन त्या बदल्यात किंमत कमी करून घेतली जाते. ग्रँटनेही दुकाने वाढवली आणि यांनीही वाढवली, पण पहिल्यात चालू दुकानांतूनच पैसा येत नव्हता. दोन्हींच्या शेवटच्या ओळी कदाचित सारख्या दिसतील, वरच्या ओळी दिसणार नाहीत.

बँका आणि वित्तकंपन्यांचे रोखप्रवाह पत्रक मी सहसा वाचत नाही. त्यांनी दिलेली कर्जे कामकाजातील खर्च म्हणून येतात, त्यामुळे जी वित्तकंपनी जोमाने वाढते तिची कामकाजातील रोकड उणे असणारच, आणि जिचा धंदा आटत आहे तिची अधिक दिसेल. तिथे कर्जांच्या आणि ठेवींच्या मुदती जुळतात का, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

राहिला प्रश्न सत्यम या संगणक सेवा कंपनीचा, कारण रोकडीबद्दल बोलताना कोणी ना कोणी तो काढतोच. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात मान्य केले की सप्टेंबर २००८ अखेर दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँकशिल्लकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. म्हणजे रोकडही खोटी असू शकते. ते खरे आहे, पण त्यामुळे हे पत्रक निरुपयोगी ठरते असे मला वाटत नाही. नफा फुगवायला पुस्तकातील एक नोंद पुरते, खोट्या रोकडीसाठी बँकेचे बनावट कागद करावे लागतात आणि ते वर्षानुवर्षे सांभाळावे लागतात. शिवाय वाचकाला काही पडताळे घेता येतात: दाखवलेल्या शिल्लकेच्या मानाने व्याजाचे उत्पन्न पुरेसे आहे का, आणि हाती भरपूर पैसा असल्याचे सांगणारी कंपनी त्याच वेळी महागडे कर्ज कशासाठी घेत आहे.

एका वर्षाच्या पत्रकावरून फारसे काही ठरवू नये, असे मात्र मी आग्रहाने म्हणेन. ३१ मार्च ही तारीख साखर कारखान्यासाठी गोदामे भरलेली असण्याची तारीख आहे, तर कित्येक कंपन्यांसाठी ती येणी बँकेला विकून, पुरवठादारांना 'एप्रिलमध्ये या' सांगून सजवलेली तारीख असते. पाच-सात वर्षांचा एकत्रित नफा आणि तितक्याच वर्षांची कामकाजातील एकत्रित रोकड शेजारी ठेवली की असे एका तारखेचे खेळ बरेचसे गळून पडतात. घसारा मिळवल्यावर रोकड नफ्याहून अधिक असणे अपेक्षित आहे. ती सातत्याने कमी असेल, तर येण्यांत किंवा साठ्यात काहीतरी साचत आहे.

कंपनी कायदा २०१३ ने एकल व्यक्ती कंपन्या, लहान कंपन्या आणि निष्क्रिय कंपन्यांना हे पत्रक देण्यातून सूट दिली आहे. अनुपालनाचा भार हलका करण्याचा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे, तरी ज्यांच्याकडे पडती बाजू सांभाळायला ना राखीव निधी असतो ना बँकेची मोकळी मर्यादा, त्यांनाच हा हिशेब न मांडण्याची मुभा मिळाली आहे. तो मांडायला वेगळी सामग्री लागत नाही. लागोपाठच्या दोन वर्षांचे ताळेबंद आणि मधल्या वर्षाचे नफा-तोटा पत्रक समोर ठेवून प्रत्येक ओळीतील फरक काढला, की एका संध्याकाळी पत्रक तयार होते, आणि ते बरोबर असल्याची खूण म्हणजे शेवटची शिल्लक बँकेच्या पासबुकाशी आणि गल्ल्यातील रोकडीशी जुळते.